सरस, शिंग आणि शीर

गेलं वर्षभर आमच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या एका टोकाला, हातभर लांबीची बांबूची एक पट्टी लोंबकळते आहे. येणारे-जाणारे विचारतात. बायकोने आता उत्तर देणं सोडून दिलंय. "त्यांनाच विचारा" म्हणते. मग मी सांगायला लागतो आणि पाहुणे घड्याळाकडे बघायला लागतात. म्हणून म्हटलं, एकदाच काय ते लिहून टाकावं. यापुढे विचारणाऱ्याला हेच वाच म्हणून सांगता येईल. :-)

तर मंडळी, ती पट्टी म्हणजे एका धनुष्याची सुरुवात आहे. खरं तर सुरुवातीची सुरुवात. शिंग, लाकूड आणि जनावराच्या पायाची शीर हे तिन्ही सरसाने एकत्र चिकटवून जे धनुष्य बनतं, ते आपल्याला करता येईल का, या खुळाची ती पहिली पायरी. आपल्याकडे 'शिवधनुष्य पेलणं' म्हणतात. इथे पेलणं दूरच, आधी चिकटवायचंच जमत नाहीये.

आधी हे धनुष्य म्हणजे काय ते सांगतो. आपण लहानपणी बांबूची काडी वाकवून, सुतळी बांधून जो तिरकमठा करायचो, तो एकाच पदार्थाचा. ओढला की त्याची बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबलं जातं. लाकूड हे दोन्ही सहन करतं, पण अगदी थोडं. शेकड्याला एक-दीडच्या पुढे ताणलं की ते मोडतं. त्यामुळे निव्वळ लाकडाचं जोरदार धनुष्य करायचं तर ते लांबलचक ठेवावं लागतं. इंग्रजांचं प्रसिद्ध धनुष्य माणसाएवढं उंच असायचं ते याचसाठी. पण घोड्यावर बसून माणसाएवढं धनुष्य इकडून तिकडे फिरवणार कसं?

मध्य आशियातल्या आणि पश्चिम आशियातल्या लोकांनी यावर काढलेला तोडगा विलक्षण आहे. त्यांनी पाठीचं काम एकाला दिलं आणि पोटाचं दुसऱ्याला. दाब सहन करण्यात म्हशीचं शिंग लाकडापेक्षा कितीतरी सरस, म्हणून पोटाला शिंगाची पट्टी. ताण सहन करण्यात जनावराच्या शिरेचे तंतू उत्तम, म्हणून पाठीवर त्यांचा थर. मधे पातळ लाकूड, ते फक्त दोघांना जोडून ठेवायला. आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा सरस, तोही जनावराच्याच कातड्या-शिरांचा किंवा माशाचा. असं धनुष्य जेमतेम मीटरभर लांबीचं असूनही माणसाएवढ्या धनुष्याला मागे टाकतं. दोरी उतरवली की ते उलट दिशेला वळून इंग्रजी 'सी'सारखं होतं. माहीत नसलेला माणूस त्याला दोरी चढवायला गेला तर हमखास उलट्या बाजूने वाकवेल आणि मोडून ठेवेल.

होमरच्या ओडिसीमध्ये वीस वर्षांनी घरी परतलेला ओडिसियस आपलं जुनं धनुष्य हातात घेतो, तेव्हा दोरी चढवण्याआधी ते फिरवून फिरवून बघतो, मालक परदेशी असताना शिंगाला कीड तर लागली नाही ना म्हणून. बाकी उमेदवारांना त्या धनुष्याला दोरी चढवता येत नाही, ते फक्त ताकद कमी म्हणून की युक्ती माहीत नाही म्हणून, असा प्रश्न ते वाचताना मला पहिल्यांदा पडला. बऱ्याच अभ्यासकांना ते शिंगाचं जोडधनुष्य वाटतं ते यामुळेच. इजिप्तमध्ये तूतनखामेनच्या थडग्यातही अशी जोडधनुष्यं सापडली, म्हणजे ही विद्या सव्वातीन हजार वर्षांपेक्षा जुनी तर नक्कीच.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर ती रोज तोंडात आहे, फक्त ओळखू येत नाही. विष्णूच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग. शृंगापासून झालेलं ते शार्ङ्ग, म्हणजे सरळ सरळ 'शिंगाचं'. त्यावरून शारंगधर, शारंगपाणी. आमच्या आळीत एक शारंगधर काका होते, त्यांच्या नावाचा अर्थ 'शिंगाचं धनुष्य धरणारा' असा होतो हे त्यांना कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही ताड, बांबू, लाकूड आणि शिंग असे धनुष्याचे प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. विठोबालाही आपले संत शारंगधर म्हणतात. आणि गंमत म्हणजे त्याच पंढरपूरच्या नावाची म्हशीची जात तिच्या लांबलचक, तलवारीसारख्या, खांद्यापलीकडे जाणाऱ्या शिंगांसाठी प्रसिद्ध आहे. धनुष्य करणाऱ्याला हवं असतं तसंच लांब शिंग! हा योगायोगच, पण मला फार आवडलेला.

दुसरा शब्द फारसीतून आला, कमान. कमान म्हणजे मूळचं धनुष्यच. मग त्या आकाराची दाराची कमान, आणि त्या गुणाची घड्याळाची कमान. ट्रकच्या चाकांवरचे पोलादी पट्टे दुरुस्त करणाऱ्यांच्या टपऱ्यांवर हायवेला 'कमानपाटे' अशी पाटी असते बघा. मला ती पाटी दिसली की उगाचच आनंद होतो. दाबून ठेवलेली ताकद परत देणारी वस्तू ती कमान, हे मराठीला अजून पक्कं आठवतंय. धनुष्य तेवढं गेलं.

धनुष्य बनवणारा तो कमानगर. कच्छमध्ये वाड्यांच्या आणि देवळांच्या भिंतींवर चित्रं काढणारे जे कारागीर होते त्यांना कमानगर म्हणत, आणि त्या चित्रांना कमानगरी. धनुष्यावर शेवटी रंगकाम, वेलबुट्टी आणि रोगण असायचं. बंदुका आल्या, धनुष्याचं गिऱ्हाईक गेलं, हातात कुंचला राहिला. धंद्याचं नाव मात्र तेच.

आता ही धनुष्यं करायची कशी? इथून माझी खरी अडचण सुरू झाली, कारण वाचायला लागल्यावर लक्षात आलं की हे काम दिवसांत नाही, ऋतूंत मोजतात.

चीनमध्ये 'काओ गोंग जी' नावाचा कारागिरीवरचा दोन हजार वर्षांहून जुना ग्रंथ आहे. त्यात धनुष्यासाठी सहा वस्तू सांगितल्या आहेत. लाकूड, शिंग, शीर, सरस, रेशीम आणि रोगण. प्रत्येकाचं काम वेगळं. लाकडामुळे बाण लांब जातो, शिंगामुळे वेगात जातो, शिरेमुळे खोल घुसतो, सरस सगळ्यांना जुळवतो, रेशमाचे वेढे घट्ट धरतात आणि रोगण दव-हिमापासून राखतं. सरस कोणकोणत्या प्राण्यांचा घ्यावा याचीही यादी आहे. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेळापत्रक. लाकूड फोडायचं हिवाळ्यात, शिंग भिजवायचं वसंतात, शीर तयार करायची उन्हाळ्यात आणि जोडकाम करायचं शरद ऋतूत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे चिनी तत्त्वज्ञानाचं नक्षीकाम वाटलं, ऋतूंची नावं आपली शोभेला. या गैरसमजाची किंमत पुढे मोजली, ती सांगतोच.

पण ही कला शिखराला नेली ती तुर्कांनी. १४५३ मध्ये इस्तंबूल जिंकल्यावर सुलतान दुसऱ्या मेहमेदने शहराबाहेर धनुर्विद्येसाठी एक मोठं मैदान राखून ठेवलं, ओकमैदानी. 'मैदान' शब्द आपल्या ओळखीचाच, 'ओक' म्हणजे बाण. तिथे निशाण्यापेक्षा लांब पल्ल्याचं वेड जास्त होतं. कुणी विक्रम केला की बाण पडला त्या जागी दगड उभारायचे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा तोझकोपरान इस्कंदर नावाचा धनुर्धर सगळ्यांत प्रसिद्ध. त्याच्या नावावर सुमारे ८४५ मीटरचा पल्ला आहे. पाऊण किलोमीटरहून जास्त! हाताने ओढून सोडलेला बाण! त्या दगडांपैकी काही अजून उभे आहेत, बाकीचं मैदान विसाव्या शतकात घरांनी भरून गेलं.

त्यांची रीत अशी. मधलं लाकूड मॅपलचं, मूठ, दोन बाहू आणि दोन टोकं अशा तुकड्यांचं, एकमेकांत पाचरीसारखे बसवून चिकटवलेले. लाकूड वाफेवर मऊ करून वाकवलेलं. मग म्हशीच्या शिंगाच्या दोन लांब पट्ट्या, प्रत्येक बाहूला एक. शिंगाच्या आणि लाकडाच्या समोरासमोरच्या बाजूंवर लांबीच्या दिशेने बारीक बारीक चर पाडायचे, एकाचे दुसऱ्यात बसतील असे, म्हणजे सरसाला धरायला जास्त जागा मिळते. दोन्हींना सरसाचे हात द्यायचे, एकावर एक ठेवायचे आणि दोरीने करकचून आवळायचं. आवळायला एक खास लाकडी अवजार असायचं. मग ते काही महिने तसंच ठेवून द्यायचं.

त्यानंतर शीर. बैलाच्या टाचेमागची जाड शीर वाळवून, ठोकून, विंचरून तिचे केसांसारखे तंतू करायचे. ते सरसात भिजवून लाकडाच्या पाठीवर लांबीने बसवायचे. एक थर वाळला की दुसरा. शीर वाळताना आकसते आणि धनुष्याला आपल्या बाजूला ओढते. त्यात कारागीर आणखी बांधून ते उलटं वळवत नेतो, दोन टोकं एकमेकांजवळ येईपर्यंत. पुन्हा महिने. मग कातडं किंवा भूर्जाची साल, रंग, रोगण, सोन्याची नक्षी, आणि करणाऱ्याची सही. शेवटी ऊब देऊन, लाकडी साच्यांवर बांधून, अगदी सावकाश उलटं फिरवून पहिल्यांदा दोरी चढवायची. वर्षभराहून जास्त काळ राबलेलं काम या एका दिवशी टिकतं नाही तर मोडतं.

बंदुकांनी धनुष्याला लढाईतून कधीच हद्दपार केलं होतं, पण छंद म्हणून ते सुलतानांच्या घरात टिकलं. सुलतान दुसरा महमूद हा मोठा विरोधाभासी माणूस. १८२६ मध्ये जुनं जॅनिसरी सैन्य मोडून काढून नव्या पद्धतीची फौज उभी करणारा तोच, आणि धनुर्विद्येच्या प्रेमात पडलेलाही तोच. त्याच्या आज्ञेवरून मुस्तफा कानी यांनी या विद्येवर एक पुस्तक लिहिलं. धनुष्य कसं करायचं, बाण कसा करायचा, कसं ओढायचं, सगळं. महमूद १८३९ मध्ये वारला. पुस्तक छापून निघालं १८४७ मध्ये. त्यानंतर काही दशकांत कारागीरच संपले. शिकाऊ पोरगा यायचा थांबला की धंदा संपतो, त्याला वेगळी बंदी लागत नाही.

म्हणजे इस्तंबूलमध्ये हातांची साखळी तुटली, पण तुटण्याआधी कुणीतरी लिहून ठेवलं होतं. आता पुढचा प्रवास बघा. कानींच्या पुस्तकावरून योआखिम हाइन या जर्मन अभ्यासकाने १९२५-२६ मध्ये जर्मनमध्ये लिहिलं. ते वाचलं पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने. तो स्वतः धनुर्धर. त्याने १९३४ मध्ये तुर्की धनुर्विद्या आणि जोडधनुष्य यांवर इंग्रजीत पुस्तक काढलं, १९४७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. पुढे त्यावरून आणि संग्रहालयांतली जुनी धनुष्यं मोजून-तपासून लोक प्रत्यक्ष करायला लागले. कॅनडातल्या अ‍ॅडम कार्पोविच यांचं २००८ चं पुस्तक हे त्या वाटेवरचं आजच्या नवशिक्याचं पाठ्यपुस्तकच. २०१९ मध्ये युनेस्कोने तुर्की पारंपरिक धनुर्विद्येला आपल्या यादीत घेतलं. इस्तंबूलचा कारागीर, तिथलाच लेखक, जर्मन पंडित, अमेरिकन शास्त्रज्ञ, कॅनडातला हौशी माणूस, आणि तिथून परत इस्तंबूलला. विद्या कुठून कुठून फिरून घरी येते!

बीजिंगची गोष्ट उलटी. तिथे धनुष्य करणाऱ्यांची एक आळीच होती. 'जू युआन हाओ' हे त्यातलं एक दुकान. १९५० च्या दशकाच्या अखेरीला तेही बंद पडलं. दुकानाचा वारस यांग वेनतोंग याच्या हातात विद्या होती, पण काम नव्हतं. जवळजवळ चाळीस वर्षं. १९९८ मध्ये त्याने पुन्हा धनुष्यं करायला घेतली आणि मुलाला, यांग फूशीला, शिकवलं. मुलगा त्याआधी टॅक्सी चालवायचा. २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या पहिल्या यादीत त्यांच्या कारागिरीचं नाव आलं. इथे साखळी तुटली नाही, पण ती एका म्हाताऱ्याच्या स्मरणशक्तीवर टांगलेली होती. तो माणूस पाच-सात वर्षं आधी गेला असता तर? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. का, ते शेवटी सांगतो.

तर आता माझी बाल्कनी.

नवशिक्याने एकदम धनुष्य करायला घेऊ नये, हे सगळेच सांगतात. आधी लाकडाच्या किंवा बांबूच्या एका पट्टीवर शीर चिकटवून बघावी. शिंग नंतर. म्हटलं, हे जमण्यासारखं आहे. बांबू घरात होता. राहिली शीर आणि सरस.

शिरेसाठी एका खाटकाकडे गेलो. म्हटलं, "चाचा, म्हशीच्या मागच्या पायाची, टाचेच्या वरची जाड शीर मिळेल का?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "कुत्र्याला का साहेब?" मी म्हटलं, "नाही, धनुष्याला." त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही, आठ शिरा कागदात बांधून दिल्या आणि पैसेही घेतले नाहीत. वेड्या माणसाकडून काय घ्यायचं, असा हिशोब असावा.

चरबी खरवडून शिरा बाल्कनीत वाळत घातल्या. दोन आठवड्यांत त्या काचेसारख्या पिवळट, पारदर्शक आणि दगडासारख्या टणक झाल्या. मग खलबत्त्यात घालून ठोकायला सुरुवात केली. (खलबत्ता आता माझा झाला आहे. घरासाठी नवीन आणावा लागला.) पहिला अर्धा तास काहीच होत नाही. मग एकाएकी ती टणक कांडी पांढरी पडते, फुलते आणि तिचे धागे सुटायला लागतात. एका शिरेतून बोटभर जाडीची जुडी निघते. ते धागे हाताने तोडून बघा, बोट कापेल पण धागा तुटणार नाही.

सरस मात्र मिळायला शिरेपेक्षा जास्त त्रास पडला. तीन दुकानांत "सरस" म्हटल्यावर "फेव्हिकॉल द्यू का?" विचारलं. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांनी आतून एक जुना डबा काढला. तांबूस, गुळाच्या खड्यांसारखे तुकडे. रात्रभर भिजवले, सकाळी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवले. वासाबद्दल काही लिहीत नाही, घरातले वाचतात. पट्टीवर सरस लावला, तंतूंची जुडी सरसात बुडवून, बोटांनी निथळून, पट्टीवर एकेक करून बसवली, आणि पट्टी टांगून ठेवली. हे मेमध्ये.

चौथ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बाल्कनीत गेलो तर पट्टी वाकलेली! कुणी हात लावलेला नव्हता. सरळ टांगलेली बांबूची पट्टी वाळणाऱ्या शिरेने स्वतःच ओढून शिरेच्या बाजूला वळवली होती. पुस्तकात दहा ठिकाणी वाचलेलं होतं, तरीही अंगावर काटा आला. तूतनखामेनच्या कारागिरानेही एके दिवशी सकाळी हेच बघितलं असणार. मी सगळ्या घराला उठवलं. कुणी फारसं खूश झालं नाही.

आणि मग जुलै आला. पावसाच्या दुसऱ्या आठवड्यात पट्टी हळूहळू सरळ व्हायला लागली. हाताला चिकट लागायला लागली. एका सकाळी एका टोकाचा शिरेचा थर पापुद्र्यासारखा सुटून लोंबत होता. सरस म्हणजे शेवटी पाण्यात विरघळणारा पदार्थ, हवेतलं पाणी पिऊन तो ढिला पडतो. शिवाय मी बांबूची वरची तुकतुकीत पाठ खरवडलीच नव्हती, त्या गुळगुळीतावर सरस धरणार कशाला? शिंगाला आणि लाकडाला चर पाडायची तुर्कांची खटपट आणि चिन्यांचं ऋतूंचं वेळापत्रक, दोन्ही मी नक्षीकाम म्हणून सोडून दिलेलं. दोन्हींचा अर्थ एका पावसाळ्यात कळला.

इतिहासातलं एक कोडंही मला या पट्टीने सोडवून दिलं. भारतात पोलादी धनुष्यं का केली गेली, हे मला कळत नसे. इंग्लंडमधल्या रॉयल आर्मरीजसारख्या संग्रहालयांत ती आहेत, हुबेहूब शिंगाच्या धनुष्याच्या आकाराची, पण अखंड पोलादाची, वर सोन्या-चांदीची नक्षी. पोलादाचं धनुष्य जड, बाणाला वेग कमी. मग करायचं कशाला? कारण ते शस्त्रागारात चार पावसाळे पडून राहिलं तरी बाहेर काढल्यावर चालतं. शिंगाच्या धनुष्याचे लाड करावे लागतात. कोरियात अजूनही ती करतात, तिथल्या धनुष्य-बाण करणाऱ्यांच्या कलेला १९७१ मध्ये राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला आहे. तिथे दमट दिवसांत ही धनुष्यं ऊबदार कपाटात ठेवतात, आपण पापड ठेवतो तशी. कोरियन कारागीर सरस करतात तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा, आणि तो मासा आपल्या घोळ माशाच्याच कुळातला. आपल्या किनाऱ्यावर घोळ सापडला की त्या पिशवीसाठीच त्याला सोन्याचा भाव येतो. पुढच्या वेळी तो सरस वापरायचं माझ्या मनात होतं, पण भाव ऐकून बेत रद्द केला आहे.

आता ते शेवटचं, ज्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं.

आमचे आजोबा, नाना, सुतारकाम करायचे हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. दारं, खिडक्या, बैलगाड्या, पाळणे. मी सात-आठ वर्षांचा असताना ते गेले. मला त्यांच्या हातांचा वास आठवतो, पण तो कशाचा हे कधी कळलं नव्हतं. मेमध्ये सरसाचं भांडं गरम झालं आणि स्वयंपाकघरात तो वास पसरला, तेव्हा कळलं. क्षणभर मला ते भांडं खाली उतरवायचंही सुचलं नाही.

पट्टी सुटल्यावर मी आत्याला फोन केला. "आत्या, नाना सरस कसा करायचे गं? झाला हे कसं ओळखायचे?"

"अरे, आता काय त्याचं?" ती म्हणाली. मग थोडा वेळ गप्प. "मी बसायचे ना ढवळायला. अंगठ्यावर एक थेंब घ्यायचे नि बोटाची चिमूट उघड-मीट करायचे. तार सुटायला लागली की झाला. आणि उकळू म्हणून द्यायचे नाहीत. उकळी फुटली की 'मेला' म्हणायचे नि ओतून टाकायचे. मला ओरडा बसायचा."

मी विचारलं, "पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात सरसाचं काम घ्यायचेच नाहीत. गिऱ्हाइकाला सांगायचे, दसरा होऊ दे."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बसून राहिलो. शरद ऋतूत जोडकाम करावं, हे मी दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी ग्रंथात वाचलं आणि खोटं समजलो. आमच्या घरात ते आत्याला माहीत होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. १९५९ मध्ये फेव्हिकॉल आलं, भिजवणं नको, तापवणं नको, वास नाही, पाऊस नाही. चांगलंच झालं, नानांनीही शेवटी शेवटी तेच वापरलं म्हणे. कुणाची काही चूक नाही. पण बीजिंगच्या त्या म्हाताऱ्यासारखं आमच्या घरातलंही थोडंसं काहीतरी एका माणसावर टांगलेलं होतं, आणि मी ते इस्तंबूल, जर्मनी, अमेरिका फिरून शोधत होतो.

नानांच्या हातांना जे माहीत होतं त्यातलं आत्याकडे फार थोडं आहे. ती ढवळायला बसायची, जोडकाम नाना करायचे. रंधा कसा धरायचे, सांधा किती घट्ट ठेवायचे, लाकूड ऐकून कसं ओळखायचे, हे तिला सांगता येत नाही. ते गेलं ते गेलंच. पुस्तकही नाही, मुस्तफा कानीही नाही.

असो. दसरा झाला की नवीन पट्टी घेणार आहे. या वेळी पाठ खरवडून, लांबीने बारीक चर पाडून. सरसाची तार आत्याकडून बघून घेणार आहे, ती दिवाळीला येतेच आहे. ती म्हणाली, भांडं मात्र जाड बुडाचं घे. शिंग त्यानंतर. धनुष्य तर फारच पुढे, झालं तर झालं.

ता. क. : काका आणि चुलत भावंडांनो, नानांचं सरसाचं तांब्याचं भांडं कुणाच्या माळ्यावर असेल तर कृपया मोडीत घालू नका. मी येऊन घेऊन जाईन. वास आला तरी घासू नका.